कोऱ्या पॅचपासून सुरुवात: थाप, तानपुरा आणि घंटा

संगीताचं सॉफ्टवेअर नुकतंच शिकायला घेतलेल्यांचे प्रोजेक्ट मी बरेच ऐकतो. चाल चांगली असते, ठेका चांगला असतो, पण आवाज सगळ्यांचे एकाच दुकानातून आणल्यासारखे. सिंथ (आवाज घडवणारं सॉफ्टवेअर) उघडला की समोर शेकडो प्रीसेट, म्हणजे आयते आवाज, येतात. त्यातलं एखादं बरं वाटतं, ते गाण्यात बसवलं जातं. पुढे त्यात काहीतरी खटकायला लागतं, पण नेमकं काय बदलायचं ते कळत नाही, कारण तो आवाज कशाचा बनलाय हेच ठाऊक नसतं. मग दुसरं प्रीसेट, मग तिसरं. संध्याकाळ त्यातच जाते.

इथे आपण एकही प्रीसेट वापरणार नाही. कोऱ्या पॅचपासून, म्हणजे सिंथच्या रिकाम्या मांडणीपासून, तीन आवाज उभे करू: ढोलासारखी एक थाप, तानपुऱ्याचा झंकार आणि देवळातली घंटा. हे तिन्ही आवाज आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते बरोबर जमले की चुकले, हे सांगायला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही. नवख्या माणसाकडे याहून मोठं भांडवल नसतं.

आधी सामान

सिंथ म्हणून मी व्हायटल घेतोय. २०२० साली तो आला. त्याची फुकट आवृत्ती शिकण्यासाठी पुरून उरते, आणि आत काय चाललंय ते पडद्यावर हलताना दिसतं, हा त्याचा मोठा गुण. कुठल्याही डीएडब्ल्यूशिवाय (गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायच्या सॉफ्टवेअरशिवाय) स्वतंत्रपणेही तो उघडतो. सर्ज एक्सटी हा दुसरा उत्तम पर्याय, तो पूर्णपणे मुक्त-स्रोत आहे. खाली जे सांगतोय ते दोन्हीत करता येतं, फक्त बटणांच्या जागा वेगळ्या.

डीएडब्ल्यू कुठलंही चालेल. रीपर ६० दिवस कुठलीही काटछाट न करता वापरून बघता येतं. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकटच मिळतं. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती घेणार असाल तर एक ध्यानात ठेवा: त्यात प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण विकत घेतल्याशिवाय तो पुन्हा उघडत नाही. रात्रभर बसून केलेलं काम सकाळी बंद कुलपात सापडलेले लोक मी पाहिलेत.

हेडफोन तारेचे घ्या. ब्लूटूथवर कळ दाबल्यावर आवाज उशिरा पोचतो आणि हाताचा अंदाज बिघडतो. तारेचे असूनही उशीर जाणवत असेल तर ऑडिओ सेटिंगमध्ये बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो, बघा. ४४,१०० हर्ट्झच्या सॅम्पल रेटला १०२४ चा बफर म्हणजे सुमारे २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे सुमारे ३. वाजवताना १२८, आणि मिक्स करताना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला तर १०२४.

वाटी, चमचा आणि तीन प्रश्न

सॉफ्टवेअर उघडण्याआधी स्वयंपाकघरात जा. एक स्टीलची वाटी तळहातावर मोकळी ठेवा आणि चमच्याने कडेवर मारा. 'ठण्णऽऽ' असा आवाज येतो आणि सावकाश विरतो. आता तीच वाटी मुठीत घट्ट धरा आणि तसंच मारा. 'ठक्.' धातू तोच, चमचा तोच, मारण्याचा जोरही तोच. बदललं ते फक्त विरणं. तरीही कान म्हणतो, ही वेगळी वस्तू आहे.

सिंथमध्ये आवाजाच्या या उठण्या-विरण्याला एन्व्हलप म्हणतात. त्याचे चार भाग: अटॅक म्हणजे आवाज शून्यापासून शिखरापर्यंत यायला लागणारा वेळ, डिके म्हणजे शिखरावरून खाली उतरायला लागणारा वेळ, सस्टेन म्हणजे कळ दाबून धरली असताना टिकणारी पातळी, आणि रिलीज म्हणजे कळ सोडल्यावर विरायला लागणारा वेळ. वाद्यांवरून हे पटकन डोक्यात बसतं. तबल्याला सस्टेन नसतो. पेटीला भाता चालू आहे तोवर पूर्ण सस्टेन आणि कळ सोडली की लगेच गप्प, म्हणजे रिलीज जवळजवळ शून्य. सतारीला अटॅक तीक्ष्ण, डिके लांब.

कुठलाही आवाज बनवायला घेताना मी तीन गोष्टी विचारतो. हे कशाने वाजलं? कसं विरलं? कुठे वाजलं? पहिल्याचं उत्तर ऑसिलेटर (मूळ लहर काढणारा भाग) आणि फिल्टर (त्यातली काही कंपनं कापणारा भाग) देतात, दुसऱ्याचं एन्व्हलप, तिसऱ्याचं रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी). बहुतेक नवखे लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात. सपक आवाजावर रिव्हर्ब ओतला की तो सपकच राहतो, फक्त लांबून ऐकू येतो.

कोरा पॅच

व्हायटलमध्ये वरच्या मेनूत 'इनिशिअलाइझ प्रीसेट' आहे, ते दाबा. आता फक्त पहिला ऑसिलेटर चालू आहे आणि त्यात सॉ लहर आहे. वर लहरीचं चित्र दिसतं, त्यावर क्लिक केलं की स्पेक्ट्रम, म्हणजे कुठली कंपनं किती जोरात आहेत त्याचं चित्र, दिसतो. हा स्पेक्ट्रम उघडाच ठेवा.

१०० हर्ट्झचा सूर सॉ लहरीत वाजवला तर १०० सोबत २००, ३००, ४००, ५०० अशी सगळ्या पटींतली कंपनं असतात. दुसऱ्याचा जोर अर्धा, तिसऱ्याचा एक तृतीयांश, असा तो उतरत जातो. स्क्वेअर लहरीत फक्त विषम पटी: १००, ३००, ५००. म्हणून ती पोकळ वाटते, थोडीशी क्लॅरिनेटकडे झुकणारी. ट्रँगलमध्येही विषमच, पण फार वेगाने मंदावणाऱ्या, म्हणून मऊ. साइनमध्ये फक्त मूळ कंपन, बाकी काही नाही. ऑसिलेटरमध्ये 'बेसिक शेप्स' ही वेव्हटेबल, म्हणजे लहरींचा संच, घ्या आणि फ्रेमचा नॉब सावकाश फिरवत या लहरी ऐका. पाठ करायचं काही नाही. पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं की सॉ आणि स्क्वेअर यांतला फरक कायमचा बसतो.

पहिला आवाज: थाप

ढोलाच्या आवाजात दोन गोष्टी एकत्र असतात. पोटातला घुमारा आणि टिपरूचा टोला. आपण हुबेहूब ढोल बनवत नाही आहोत, पण आवाजाची बांधणी तीच घेऊ.

१. 'बेसिक शेप्स'ची पहिली फ्रेम साइन आहे, ती ठेवा. ऑसिलेटरच्या फेज नॉबशेजारी यादृच्छिक फेजचा आकडा असतो, मुळात तो १०० टक्के असतो. तो शून्य करा. तसं केलं नाही तर प्रत्येक ठोका लहरीच्या वेगळ्या जागेपासून सुरू होतो, एक ठोका घट्ट लागतो, पुढचा ढिला, आणि कारण शोधण्यात दिवस जातो.

२. एन्व्हलप १ हा आवाजाच्या पातळीला आधीच जोडलेला असतो. अटॅक शून्य, डिके साधारण ०.४ सेकंद, सस्टेन शून्य, रिलीजही ०.४. रिलीज विसरू नका, नाहीतर कळ लवकर सुटली की थाप मध्येच तुटते.

३. ४९ हर्ट्झचा सूर वाजवा, म्हणजे मिडीचा (सॉफ्टवेअरमधल्या सुरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) ३१ क्रमांकाचा सूर. क्रमांक मुद्दाम देतोय, कारण सप्तकांची नावं सॉफ्टवेअरगणिक बदलतात. मिडीचा ६० नंबरचा सूर रीपरमध्ये सी४, एबलटनमध्ये सी३ आणि एफएल स्टुडिओत सी५ म्हणून दिसतो. आत्ता ऐकू येईल ते नुसतं 'भूंऽ'.

४. एन्व्हलप २ घ्या: अटॅक शून्य, डिके ७० मिलिसेकंद, सस्टेन शून्य. तो माउसने ओढून ऑसिलेटरच्या ट्रान्सपोजवर (सूर वर-खाली करणाऱ्या आकड्यावर) सोडा आणि प्रमाण २४ सेमीटोन करा. २४ सेमीटोन म्हणजे दोन सप्तकं, म्हणजे चौपट. सूर १९६ हर्ट्झवरून ४९ वर घसरत येतो. पुन्हा वाजवा. 'धुम्.'

हा क्षण मला अजून आवडतो. एक आकडा बदलला आणि लहरीची वस्तू झाली. असं का होतं? ताणलेल्या चामड्यावर जोरात मारलं की मारताक्षणी ताण वाढतो, सूर वर चढतो आणि लगेच खाली बसतो. कानाला ही घसरण इतकी ओळखीची आहे की ती ऐकली की त्याला कातडंच दिसतं. डिके ३० मिलिसेकंद करून बघा, थाप कोरडी आणि कडक होते. १५० करा, 'ड्यूंव' असा विजेच्या खेळण्यासारखा आवाज येतो. ५० ते ९० च्या दरम्यान बहुतेक कामं होतात.

५. आता टिपरू. व्हायटलमध्ये सॅम्पलचा विभाग आहे, मुळातच त्यात व्हाइट नॉइज, म्हणजे नुसता 'श्शऽ' असा आवाज, असतो. तो चालू करा, फिल्टर २ कडे पाठवा आणि फिल्टर २ चा ब्लेंड नॉब पूर्ण उजवीकडे न्या, म्हणजे तो फक्त वरचा भाग सोडेल. कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथे कापतो ती जागा, वर घ्या, खालची घरघर नाहीशी होईपर्यंत. सॅम्पलची लेव्हल शून्य करा आणि एन्व्हलप ३ ओढून त्या लेव्हलवर सोडा, डिके १२ मिलिसेकंद, सस्टेन शून्य. एवढ्याशा तुकड्याने थापेला टोक येतं. गाण्यात बाकीची वाद्यं आली की थाप ऐकू येते ती या टोकामुळेच.

६. शेवटी इफेक्ट्समध्ये डिस्टॉर्शन, सॉफ्ट क्लिप, ड्राइव्ह थोडासाच. यामागची गोष्ट सांगतो. माझी पहिली थाप हेडफोनमध्ये छाती हलवायची. मित्राच्या फोनवर लावली तर ती जागेवरच नव्हती. फोनच्या स्पीकरला ४९ हर्ट्झ काढताच येत नाही. सॉफ्ट क्लिपने १४७, २४५ अशा विषम पटी तयार होतात, त्या छोट्या स्पीकरमधून येतात, आणि मूळ सूर प्रत्यक्षात नसतानाही मेंदू तो भरून काढतो.

थाप गाण्याच्या सुरात लावणं फार कमी लोक करतात. काळी एकचा (सी शार्प) सा खाली घेत गेलं तर ३४.६ हर्ट्झवर येतो, तो ठोक्यासाठी फार खाली. त्याच्या वरचा सा ६९.३ वर, तो जरा हलका पडतो. मधला पंचम ५१.९ वर आहे. तिथे लावून बघा, ठोका आणि सूर भांडायचे थांबतात.

ताल-यंत्रांनी हेच काम विजेच्या सर्किटमधून केलं. रोलंडचं टीआर-८०८ १९८० मध्ये आलं, टीआर-९०९ १९८३ मध्ये. आणि मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच ८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर राग वाजवून अख्खी ध्वनिमुद्रिका केली होती. टीबी-३०३ हे बासचं यंत्र जगात पुढे ज्या ॲसिड हाउस संगीतासाठी गाजलं, ते तेव्हा जन्मायचं होतं.

दुसरा आवाज: तानपुरा

इथे घाई करू नका. या एका आवाजात फिल्टर, हार्मोनिक (म्हणजे वर पाहिलेल्या पटी) आणि सूक्ष्म सूर या तिन्ही गोष्टी शिकून होतात.

आधी फक्त ऐकण्याचा सराव. पॅच पुन्हा कोरा करा, सॉ लहर राहू द्या. ६९.३ हर्ट्झचा सूर धरून ठेवा, म्हणजे काळी एकचा खर्ज, मिडी क्रमांक ३७. फिल्टर १ चालू करा, लो-पास (खालची कंपनं सोडून वरची कापणारा), २४ डेसिबलचा उतार. रेझोनन्स, म्हणजे कटऑफजवळच्या कंपनांना मिळणारा जोर, तीन चतुर्थांशापर्यंत चढवा. आता कटऑफ पूर्ण खाली नेऊन अगदी सावकाश, केसभर केसभर वर आणा.

एकाच सुरातून एकेक सूर शीळ घातल्यासारखा बाहेर पडेल. आधी खर्ज, मग त्याच्या वरचा सा, मग पंचम, मग पुन्हा सा, आणि त्यानंतर, कटऑफ साधारण ३४६ हर्ट्झवर आला की, गंधार. तुम्ही गंधार वाजवलेला नाही. तो खर्जाच्या पोटातच होता, पाचवी पट म्हणून. तानपुऱ्याच्या साथीने गाणारे ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. गाण्याच्या शिकवणीत अनेकांना तो वर्ष-दोन वर्षं ऐकू येत नाही. फिल्टरने तो वेगळा काढून हातात ठेवता येतो.

गंमत म्हणजे हा गंधार पेटीच्या किंवा पियानोच्या गंधाराशी जुळत नाही. ६९.३ ची पाचपट ३४६.५ होते आणि पियानोचा तो सूर ३४९.२ वर आहे. फरक जवळजवळ १४ सेंट, म्हणजे सेमीटोनचा सातवा हिस्सा. तुमच्या ड्रोनवर, म्हणजे सतत चालणाऱ्या सुरावर, सिंथचे कॉर्ड ठेवल्यावर काहीतरी टोचतं, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

आता तानपुरा बांधू. चार तारा, चार ट्रॅक, प्रत्येकावर तोच पॅच. पहिली तार मंद्र पंचम, १०३.८ हर्ट्झ. मधल्या दोन जोडीच्या, १३८.६ हर्ट्झच्या सा वर. चौथी खर्ज, ६९.३.

पॅचमध्ये एन्व्हलप १ चा अटॅक ८ मिलिसेकंद ठेवा, कारण बोटाचा मांसल भाग तारेवरून सुटतो, नखी लागत नाही. डिके ५ सेकंद, सस्टेन शून्य, रिलीज ४ सेकंद. फिल्टरचा की-ट्रॅक १०० टक्के, म्हणजे खर्ज आणि पंचम दोघांवर फिल्टर सारख्याच पटीला बसेल. रेझोनन्स ६० टक्क्यांच्या आसपास.

मग जवारी. खऱ्या तानपुऱ्यात घोडीवर तारेखाली दोरा सरकवून ती लावतात. तार घोडीच्या वक्र पृष्ठभागाला चाटून कंपत राहते आणि वरच्या पटी सतत नव्याने जाग्या होतात, म्हणून छेडल्यावर आवाज विरण्याऐवजी आधी उमलतो. मिरजेत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. सिंथमध्ये ते उमलणं फिल्टरकडून करून घ्यायचं. एन्व्हलप २ चा अटॅक २५० मिलिसेकंद, डिके साडेतीन सेकंद, सस्टेन शून्य, आणि तो फिल्टरच्या कटऑफवर सोडा. तार छेडली की फिल्टर जरासा उशिराने उघडतो आणि मग सावकाश मिटताना एकेका पटीवरून सरकत जातो. गंधार ऐकू येतो, पंचम ऐकू येतो, मग नुसता सा उरतो. प्रमाण फार ठेवलंत तर हिंदी सिनेमातल्या लेझर बंदुकीसारखं वाटेल. कमी करत या, जिथे 'फिल्टर फिरतोय' हे कळेनासं होतं आणि 'तार बोलतेय' असं वाटायला लागतं, तिथे थांबा.

सूर लावताना दोन बारकावे. मंद्र पंचमाच्या ट्रॅकवर ट्यून २ सेंट वर करा, शुद्ध पंचम सॉफ्टवेअरच्या पंचमापेक्षा तेवढा वर असतो. जोडीच्या दोन तारांपैकी एकीला ३ सेंट वर करा. तेवढ्या फरकाने दर चार सेकंदांना एक लाट उठते आणि बसते, ती आली की ड्रोन श्वास घ्यायला लागतो. १० सेंट केलेत तर मात्र तानपुरा लागलेला नाही, असंच ऐकणारा म्हणेल.

आणि कृपा करून या सुरांना क्वांटाइझ करू नका, म्हणजे ते आपोआप मात्रेवर बसवू नका. तानपुरा गाण्याच्या लयीत छेडत नाहीत. एक आवर्तन साधारण पाच-सहा सेकंदांचं ठेवा, सूर हाताने थोडे मागेपुढे सरकवा, व्हेलॉसिटी, म्हणजे कळ दाबण्याचा जोर, ७० ते ९० मध्ये बदलती ठेवा. पहिल्या तारेआधी किंचित जास्त थांबलात तर आणखी खरं वाटतं.

तिसरा आवाज: घंटा

हा पाच मिनिटांचा. १९६७ मध्ये स्टॅनफर्डला जॉन चाऊनिंग यांच्या लक्षात आलं की एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या फार वेगाने हलवली की नव्याच पटी तयार होतात. त्यावरून पुढे १९८३ चा यामाहा डीएक्स७ आला. दोन लहरींचं प्रमाण पूर्णांकात असेल तर सुरेल वाद्य मिळतं, अपूर्णांकात असेल तर धातू.

कोरा पॅच, दोन्ही ऑसिलेटर साइन. दुसऱ्याची लेव्हल शून्य, पण तो चालू. त्याचा ट्रान्सपोज +६ आणि ट्यून −१७ सेंट, म्हणजे प्रमाण १ ला १.४, चाऊनिंग यांच्या घंटेचं प्रसिद्ध प्रमाण. पहिल्या ऑसिलेटरच्या डिस्टॉर्शन यादीत ऑसिलेटर २ कडून एफएम हा पर्याय निवडा. एन्व्हलप १ चा डिके ७ सेकंद, एन्व्हलप २ चा ३ सेकंद, दोघांचा सस्टेन शून्य आणि रिलीज डिकेइतकाच. एन्व्हलप २ त्या एफएमच्या प्रमाणावर सोडा. वरचा झणत्कार आधी विरतो, मागे गाभा घुमत राहतो. २०० हर्ट्झच्या आसपास वाजवा. अपूर्णांक बदलून बघा, तेवढ्यावर गुरवाच्या घंटेपासून सायकलच्या घंटीपर्यंत जाता येतं.

खलबत्ता

सिंथने न मिळणारा खरखरीतपणा घरात मिळतो. माझ्याकडे आजीचा पितळी खलबत्ता आहे. बत्ता रिकाम्या खलाच्या कडेला हलकेच लावला की एक लांब, किंचित थरथरणारा नाद येतो. फोनवर रेकॉर्ड करून तो एक सप्तक खाली आणला की दुप्पट लांब होतो, दोन सप्तकं खाली आणला की चौपट, आणि खलबत्त्याचा गाँग होतो.

रेकॉर्ड करताना पंखा आणि फ्रिज बंद, खिडक्या बंद, फोन वीतभर अंतरावर, ॲपमध्ये डब्ल्यूएव्ही किंवा लॉसलेस असेल तर तो पर्याय, आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय बंद. सुरुवातीला दहा सेकंद नुसती शांतता घ्या, नॉइज काढायला ती लागते. प्रत्येक वस्तू दहा-बारा वेळा वाजवा, वेगवेगळ्या जोराने. एकच सॅम्पल सोळा वेळा वाजलं की कानाला ते मशीन आहे हे लगेच कळतं.

फार खाली आणलेला आवाज मळकट वाटतो, कारण फोनने फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत पकडलेलं दोन सप्तकं खाली आल्यावर ५ हजारांवर संपतं. त्याच्या डोक्यावर थोडा हाय-पास केलेला, म्हणजे खालची कंपनं कापलेला, नॉइज ठेवा, हवा परत येते. पोळपाटावर लाटणं, डब्याचं झाकण, कुकरच्या शिट्टीच्या आधीची फुसफुस, सगळं जमवून ठेवा.

जागा

रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावू नका. एका सेंड ट्रॅकवर एक रिव्हर्ब ठेवा आणि तिन्ही आवाज त्यात कमीजास्त पाठवा, म्हणजे ते एकाच खोलीत बसलेले वाटतात. घंटा जास्त, तानपुरा थोडा, थाप जवळजवळ नाहीच. प्री-डिले, म्हणजे रिव्हर्ब सुरू होण्याआधीचा थांबा, २० ते ३० मिलिसेकंद ठेवला की मूळ आवाज पुढे राहतो आणि खोली मागे. रिव्हर्बच्या आधी २५० हर्ट्झवर हाय-पास लावा, नाहीतर खर्ज खोलीभर पसरून सगळं गढूळ करतो.

डिलेसाठी एकच हिशेब: ६०,००० भागिले बीपीएम (मिनिटाला पडणाऱ्या मात्रा), म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. ९६ बीपीएमला ६२५, त्याच्या पाऊणपट ४६८.७५. घंटेला पाऊण मात्रेचा डिले लावून बघा.

जपून ठेवण्याबद्दल

दोन आवाजांत चांगला कुठला हे ठरवताना आधी दोघांची पातळी सारखी करा. मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो आणि त्यात भलेभले फसतात. दर पाऊण तासाने हेडफोन काढून दहा मिनिटं बाहेर जा. मास्टरवर शिखर −६ डेसिबलच्या आत राहू द्या.

प्रत्येक पॅच सेव्ह करताना नावात सूर आणि काम लिहा. 'थाप पंचम ५२ टोक कडक', 'तानपुरा काळी एक जोड ३ सेंट'. 'नवीन ७' अशा नावाचं सहा महिन्यांनी काहीही आठवत नाही. आणि आवाज पक्का झाला की तो ४८,००० हर्ट्झ, २४ बिट डब्ल्यूएव्हीमध्ये बाहेर काढून ठेवा, सिंथची पुढची आवृत्ती आली तरी तो बदलणार नाही.

हे तीन जमले की पेटी करायला घ्या. दोन ऑसिलेटर, दोन्हीत अरुंद पल्स लहर, दुसरा ४ सेंट वर. अटॅक ५० मिलिसेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज ८० मिलिसेकंद. मग भात्याचा श्वास: एक अगदी मंद एलएफओ (सावकाश वर-खाली होणारी लहर), ज्याने फिल्टर केसभरच हलतो, आणि सुराखाली कानावर येईल न येईल इतका नॉइज. तो नॉइज बंद करून एकदा वाजवा, मग चालू करून.